शेऱ्याचा रकाना

(दृश्य: पहाट. भुसावळ जंक्शन. मालगाडीचा खडखडाट विरत जातो, चर्चची घंटा ऐकू येते.)

भुसावळचं कॅथलिक चर्च समजून घ्यायचं तर आधी रूळ बघावे लागतात. १८६५ मध्ये थळ घाटातून गाडी धावू लागली. १८६७ मध्ये इथून नागपूरची लाइन गेली आणि १८७० मध्ये मुंबईची गाडी जबलपूरमार्गे थेट कलकत्त्याशी जोडली गेली. तापीजवळचं हे गाव जंक्शन झालं. इंजिनांमागोमाग माणसं आली. ड्रायव्हर, गार्ड, फिटर. त्यात गोवेकर होते, अँग्लो-इंडियन होते. त्यांना रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, हवी होती.

१८८६ मध्ये पुणे धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश, झाला. तो जेझुइट या कॅथलिक संघाच्या जर्मन फादरांकडे सोपवलेला. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं या फादरांना शत्रूदेशाचे म्हणून अटकेत ठेवलं, मायदेशी धाडलं. १९८७ मध्ये नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला, खानदेश त्यात आला.

पण आमचा कॅमेरा थांबला तो कपाटापाशी.

(दृश्य: स्नानसंस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्याची नोंदवही, जवळून. नावं झाकलेली.)

बाळाचं नाव, आईवडील, धर्ममातापिता, फादरांची सही. आणि अगदी कडेला शेऱ्याचा रकाना.

रेल्वेवाल्याचं बिऱ्हाड कायमचं नसतं. बदलीचा कागद येतो, क्वार्टर रिकामं होतं, भांडीकुंडी गाडीत चढतात. इथे तान्ही असताना डोक्यावर पाणी घेतलेली मुलगी पुढे कुठे वाढेल, सांगता येत नाही. चर्चचा नियम मात्र असा, की तिचं दृढीकरण, म्हणजे श्रद्धा पक्की करणारा संस्कार, किंवा लग्न जिथे होईल, तिथून इथे खबर यायची. आणि इथल्या फादरांनी ती तिच्या त्याच जुन्या ओळीशेजारी लिहायची. लग्नाआधी लागणारा दाखलाही याच वहीतून जातो. ती भुसावळला पुन्हा उतरो न उतरो, तिची ओळ इथे पुढे लिहिली जाते. बदल्यांच्या गावात कुणीतरी एवढं जपावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

(दृश्य: चर्चचं ऑफिस. पंख्याची घरघर.)

दूरच्या एका धर्मग्रामातून, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीतून, पाकीट आलंय. फादर जुनी वही काढतात, पानावरून बोट फिरवत ओळ शोधतात. शेऱ्यात तारीख पडते. शाई वाळेपर्यंत वही उघडीच राहते.