इस्त्रीला चौदा खिळे

नमस्कार मंडळी. आत येताना फाटकाजवळच्या फळ्यावर 'आजचे व्याख्यान : मन्ना डे' असं वाचलं. कुणीतरी लगबगीने खडूने दुरुस्ती केली, पण तिसऱ्या रांगेतल्या दोघा-तिघांचे चेहरे पाहून वाटतंय, दुरुस्तीला उशीर झाला. बसा, बसा. गाणं नाही, पण चोरी आहे, हाणामारी आहे आणि आपल्या कागलची एक लेक आहे. विषय आहे मॅन रे या अमेरिकन छायाचित्रकार-चित्रकाराचे चित्रपट. तिकडे मी येणारच आहे. पन्नास मिनिटं दिली आहेत, तेव्हा जरा मागून सुरुवात करू. आणि मी त्याला अरेतुरे करणार. चाळीस वर्षांची ओळख आहे. एकतर्फी.

हा मूळचा इमॅन्युएल राडनित्स्की. जन्म १८९० चा, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा. आईबाप रशियातून आलेले ज्यू. पुढे कुटुंब न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये गेलं. घरी पोराला 'मॅनी' म्हणायचे. आपल्याकडे मन्या झाला असता. १९१२ च्या सुमारास घरच्यांनी आडनाव कापून नुसतं 'रे' केलं, ह्याने मॅनीचा 'मॅन' केला. झाला मॅन रे. वडील कपड्यांच्या कारखान्यात कामाला, शिवाय घरी शिलाईचं काम. आई उरलेल्या तुकड्यांतून पोरांचे कपडे बेतायची. म्हणजे शिंप्याचं घर. आणि हा गडी जन्मभर ही गोष्ट लपवत आला. घरचं नाव विचारलं की विषय बदलायचा. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे की नाव लपलं, हात लपले नाहीत.

पुरावा देतो. १९११ साली, एकविशीच्या आत-बाहेर, त्याने एक वस्तू केली. शिंप्याकडे सुटाच्या कापडाचे नमुने असतात ना, वहीत चिकटवलेले, गिऱ्हाइकाने बोट लावून 'हे द्या' म्हणायचे? तसले ११० तुकडे घेऊन एकमेकांना जोडले. काळा, करडा, तपकिरी, परत काळा. आपण त्याला वाकळ म्हणू. पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या कलासंग्रहात ती आहे. आमच्या आजीच्या वाकळेवर मांजर झोपायचं, तो भाग वेगळा.

१९२० मध्ये त्याने एक वस्तू घोंगड्यात गुंडाळली, सुतळीने करकचून बांधली आणि तिचा फोटो काढला. आत काय? शिवणयंत्र. सररिअलिस्ट मंडळींना, म्हणजे स्वप्नातलं जग मांडणाऱ्या कवी-चित्रकारांना, शिवणयंत्राचं वेड होतं, कारण लोत्रेआमों नावाच्या कवीने चिरफाडीच्या टेबलावर शिवणयंत्र आणि छत्री यांची गाठ घालून दिली होती. बाकीच्यांनी यंत्र कवितेत वाचलं. ह्याने घरात ऐकलं होतं, रात्री झोपताना.

आता इस्त्री. १९२१ च्या जुलैत तो पॅरिसला पोचला आणि डिसेंबरात पहिलं प्रदर्शन लागलं. उद्घाटनाच्या दिवशी एक पन्नाशी उलटलेला, दाढीवाला, छत्रीवाला गृहस्थ त्याच्याशी बोलायला आला. हा एरिक साती, संगीतकार. मॅन रेला फ्रेंच धड येत नव्हतं आणि थंडीने तो काकडला होता. साती इंग्रजीत बोलला आणि त्याला कोपऱ्यावरच्या कॅफेत घेऊन गेला. गरम दारू झाली. आणखी झाली. परत येताना एका दुकानासमोर मॅन रे थबकला. दारात इस्त्री ठेवलेली. आपली कोळशाची नव्हे, शेगडीवर ठेवून तापवायची, सपाट तळाची. ती घेतली, खिळे घेतले, गोंद घेतला. प्रदर्शनात येऊन तळाला मधोमध एका ओळीत चौदा खिळे चिकटवले, टोकं बाहेर. नाव दिलं 'भेट'. मित्रांत चिठ्ठ्या टाकून ती एकाला द्यायची होती, पण संध्याकाळपर्यंत इस्त्री गायब! कुणीतरी लांबवली. पुढे त्याने ती पुन्हा पुन्हा केली. १९७४ मध्ये तर पाच हजारांची आवृत्ती निघाली.

विद्वान म्हणतात, हा उपयुक्ततेवर हल्ला. असेल. पण शिंप्याच्या पोराला विचारा. इस्त्रीला बोट लावलं की बापाचा फटका कसा बसतो, तेही विचारा. जी वस्तू सुरकुती घालवते तीच आता कापड फाडणार. चौदा खिळे घरच्या धंद्याला.

इथे मला माझी एक जुनी जखम उघडायची आहे. आयोजकांनी घड्याळ दाखवलं, पण ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

मी एकोणीस वर्षांचा असताना एका स्टुडिओत उमेदवारी करत होतो. कुठल्या ते सांगत नाही, मालकांची नातवंडं इथे असू शकतील. माझं काम डार्करूममधलं. फिल्म धुवायची, हायपो ढवळायचा, कागद वाळत घालायचे. लग्नसराईत एका रात्री एका जोडप्याची फिल्म डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उठवणाऱ्या द्रावणात, होती, निम्मी उठली असेल, आणि चहावाल्या पोराने दार उघडलं. बाहेर ट्यूबलाइट. 'चहा!' म्हणाला. मी ओरडलो, त्याने दार लावलं. दोन सेकंद गेले असतील. फेकून द्यायची हिंमत नव्हती म्हणून मी फिल्म तशीच पुरी केली. सकाळी प्रिंट काढला तर काय! नवरीच्या नाकाभोवती, गालाभोवती, मुंडावळ्यांच्या प्रत्येक मोत्याभोवती काळी बारीक रेघ, जशी शिंपी खडूने मारतो. शालू धातूचा वाटत होता. नवरा मात्र मेल्यासारखा राखाडी. मालकांनी प्रिंट उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि विचारलं, 'हे कसलं भूत?' महिन्याचा पगार कापला. पार्टीला सांगितलं, कॅमेऱ्यात दोष होता. ते बिचारं जोडपं तीन आठवड्यांनी पुन्हा मुंडावळ्या बांधून स्टुडिओत आलं. नवरी या वेळी हसत नव्हती.

दहाएक वर्षांनी वाचनालयात एक जाडं पुस्तक चाळताना मला तीच रेघ दिसली. एका बाईच्या चेहऱ्याच्या कडेला. खाली नाव मॅन रे. मी वाचनालयात मोठ्याने 'माझा पगार!' म्हणालो, हे तिथल्या लोकांनी अजून विसरलेलं नाही.

ह्याला सोलरायझेशन म्हणतात. अर्धवट उठलेल्या निगेटिव्हवर उजेड पडला की छटा उलटू लागतात आणि काळं-पांढरं जिथे भिडतं तिथे रेघ उमटते. एकोणिसाव्या शतकापासून लोकांना हे ठाऊक होतं, आमच्या मालकांसारखंच, बिघाड म्हणून. १९२९ च्या सुमारास मॅन रेच्या डार्करूममध्ये त्याची सहकारी ली मिलर काम करत होती. तिच्या सांगण्याप्रमाणे पायावरून उंदीर की काय गेलं आणि घाबरून तिने दिवा लावला. तिकडे उंदीर, आमच्याकडे चहावाला. दिवा तिने लावला, नाव त्याचं झालं. ही बाई नुसती मॉडेल किंवा प्रेयसी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात ती आघाडीवर फोटो काढत होती, दाखाऊच्या छळछावणीत तिने कॅमेरा नेला. तिच्यावर वेगळं व्याख्यान लावा. फळ्यावर नाव नीट लिहा.

पण दोघांनी पुढे काय केलं ते पाहा. किती सेकंद, किती उजेड, कुठल्या क्षणी, हे पुन्हा पुन्हा करून अपघात मापात आणला. आपल्या भाषेत ह्याला फार चांगला शब्द आहे, बेतणे. कापड बेततात आणि जिवावरही बेततं. मॅन रे अपघात बेतायचा. मला महिन्याचा पगार जाऊनही हे सुचलं नाही, कारण मी शिंप्याचा मुलगा नाही. आमचं घर तलाठ्याचं. आम्हाला फक्त नोंद करता येते.

रेयोग्राफचंही तेच. पॅरिसात पोट भरायला तो पॉल प्वारे या बड्या कपडेवाल्यासाठी फॅशनचे फोटो काढायचा. म्हणजे फिरून शिंप्याच्याच दारात. रात्री ते फोटो धुताना एक कोरा कागद चुकून डेव्हलपरमध्ये गेला. ह्याने वैतागून त्याच ओल्या कागदावर काचेचं नरसाळं, मापाचा पेला, थर्मामीटर ठेवलं आणि दिवा लावला. वस्तूंच्या पांढऱ्या सावल्या उमटल्या, भोवती काळं. कॅमेरा नाही, निगेटिव्ह नाही. मनगटावर घड्याळाचा पट्टा गोरा राहतो आणि बाकी हात रापतो, तसं. १९२२ मध्ये अशा बारा चित्रांचा संच त्रिस्तान झारा, म्हणजे 'दादा' या बंडखोर कलाचळवळीतला कवी, याच्या प्रस्तावनेसह निघाला. तंत्र जुनंच, पण स्वतःचं आडनाव त्याला ह्यानेच चिकटवलं. कापून घेतलेलं आडनाव, ते!

कागलचं राहिलं. १९३० च्या आसपास मॅन रेने इंदूरचे यशवंतराव होळकर आणि महाराणी संयोगिताबाई यांचे फोटो काढले. संयोगिताबाई कागलच्या धाकट्या पातीच्या घाटगे घराण्यातल्या. दोघं विशीच्या अलीकडे-पलीकडे. दरबारी फोटो डोळ्यासमोर आणा, तलवार, तुरा, मागे पडदा. ह्यातलं काही नाही. पाश्चात्त्य कपडे, एकमेकांना बिलगलेले, हसताहेत, दोन विद्यार्थी सुट्टीला आल्यासारखे. ज्या माणसाकडे कवी झाँ कोक्तो आणि चित्रकार पिकासो फोटोला बसले त्याच्यासमोर आपली कागलची मुलगी इतकी मोकळी बसली आहे. १९३७ मध्ये त्या स्वित्झर्लंडमध्ये वारल्या, पंचविशीही गाठली नाही. आपल्या जिल्ह्यात शाहू महाराजांच्या जन्मघराण्याबद्दल बोलताना हा फोटो कुणी दाखवत नाही, ही माझी दुसरी तक्रार. पहिली पगाराची.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' आणि चित्रपट अजून सुरूच झाले नाहीत. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बांधला तिथे हे शोभत नाही, पण आता धावदोरा घालतो, पक्की शिलाई पुढच्या वर्षी.

१९२३ चा जुलै. झारा एक छापील पत्रक घेऊन आला, उद्याच्या कार्यक्रमात मॅन रे यांचा चित्रपट. मॅन रेकडे चित्रपट नव्हता, काही सुटे तुकडे होते. झारा म्हणाला, तुझी ती कॅमेऱ्याविना चित्रं, तसंच फिल्मवर कर की. ह्याने शंभर फुटांचं रीळ आणलं, डार्करूममध्ये त्याच्या पट्ट्या कापल्या, टेबलावर टाचल्या. काहींवर मीठ-मिरी भुरभुरली, खानसामा मांसावर टाकतो तशी. काहींवर टाचण्या पसरल्या, काहींवर टाचणखिळे. क्षणभर दिवा. धुतलं, वाळवलं, गोंदाने जोडलं. कापणं, टाचणं, जोडणं! त्याच्या बापाने हे पाहिलं असतं तर फक्त 'माप कुठाय?' विचारलं असतं. जेमतेम तीन मिनिटांचा चित्रपट, नाव 'विवेकाकडे परत'. गोंदाची जोड दोनदा तुटली, अंधार झाला, आणि त्या रात्री दादावाले आणि त्यांचे विरोधक ह्यांच्यात जी जुंपली ती पोलीस येईपर्यंत. चित्रपटाच्या शेवटी त्याची मॉडेल किकी हिचं उघडं धड आहे, खिडकीतून येणाऱ्या उजेडाचे पट्टे अंगावर सरकताहेत. अंगावर कापड नाही, पण कापडाचं डिझाइन आहे. ह्याच किकीच्या पाठीवर त्याने १९२४ मध्ये व्हायोलिनची दोन छिद्रं रंगवली, अर्थात प्रिंटवर. तो प्रिंट २०२२ मध्ये १ कोटी २४ लाख डॉलरला गेला.

दुसरा, 'एमाक बाकिया', १९२६. बास्क भाषेत 'मला सतावू नका'. ह्यात त्याने चालू कॅमेरा हवेत उडवून झेलला. पण मला आवडतो तो वेगळा प्रसंग. एक माणूस येतो, पेटी उघडतो, आत नुसत्या पांढऱ्या ताठ कॉलर. तो त्या फाडतो, टाकतो, आणि कॉलर आपल्या आपण नाचायला लागतात. जन्मभर कॉलर ताठ करणाऱ्या घरातला मुलगा आहे, लक्षात ठेवा. तिसरा 'समुद्रतारा', १९२८, कवी रोबेर देस्नोसबरोबर. त्यात भिंगापुढे जिलेटिनची काच धरून अंगं धूसर केली, सेन्सॉरलाही काही धड दिसू नये म्हणून. चौथा १९२९ चा, व्हायकाउंट द नोआय या धनिकाच्या नव्या कोऱ्या घरातला. पाहुणे फासे टाकतात, पोहतात, लोळतात, आणि सगळ्यांनी तोंडावर मोजे ओढलेले, लांब, रेशमी. कुणाला चेहरा नाही. आणखी पैसे मिळत होते, त्याने नको म्हटलं. पुढच्या वर्षी द नोआयने बुन्युएल या दिग्दर्शकाला चित्रपटासाठी पैसे दिले आणि केवढा गहजब झाला, ते दुसरं व्याख्यान.

टाचण्या, कॉलर, मोजे. मी एकटाच हे म्हणतो असं नाही, पण पगार फक्त माझा गेला.

दुसरी चिठ्ठी. बरं, बरं. मालकांनी प्रिंट फाडला, निगेटिव्ह मात्र मी वहीत सरकवली होती. ती आणली आहे. पहिल्या रांगेपासून फिरवतो. कडेला धरा, मध्ये बोट लावू नका, दिव्यापुढे धरलीत तरच नवरी दिसेल. आणि ती माझ्या हातात परत येईपर्यंत दरवाज्याजवळच्या कुणी उठू नका. पॅरिसात इस्त्री गेली, ती अजून सापडलेली नाही.