विरघळलं की नुसतंच तरंगतंय?

नमस्कार श्रोतेहो. जालना, अंबड, पैठणकडच्या मोसंबीवाल्यांना बोर्डो मिश्रण काही नवं नाही. फ्रान्समध्ये १८८५ च्या सुमारास द्राक्षबागांसाठी निघालेलं हे बुरशीवरचं औषध. घरातली नववी-दहावीची पोरं रसायनशास्त्रातले जे शब्द घोकतात, ते बहुतेक सगळे याच्या पिंपात सापडतात.

एक किलो मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, ५० लिटर पाण्यात टाकला. खडे दिसेनासे झाले, पाणी निळं पण आरपार दिसणारं. हे द्रावण. मोरचूद द्राव्य, पाणी द्रावक. फडक्यातून गाळा, फडक्यावर काही राहणार नाही. पिंप मात्र प्लास्टिकचंच हवं, लोखंडावर मोरचुदातलं तांबं चढतं.

दुसऱ्या पिंपात तेवढ्याच पाण्यात एक किलो कळीचा चुना. तो विरताना पाणी तापतं, जरा लांब उभं राहा. चुना पाण्यात विरघळतो अगदी थोडा, लिटरला दोन ग्रॅमसुद्धा नाही. पाणी याहून जास्त घेतच नाही, म्हणजे द्रावण संपृक्त झालं. गंमत अशी, की साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, चुना उलट कमी! उरलेले पांढरे कण पाण्यात तरंगतात, ते निलंबन; हलवलं नाही तर खाली बसतात. वरची नितळ निवळी मात्र द्रावणच.

दोन्ही एकदम तिसऱ्या पिंपात ओतली, की तांब्याचा न विरघळणारा आकाशी साका तयार होतो. पुस्तकात त्याला अवक्षेप म्हणतात. म्हणजे दोन पाणी एकत्र आली आणि द्रावण राहिलं नाही! कण बारीक असल्यामुळे काही वेळ तरंगतात, उद्यापर्यंत जाड होऊन बसतात. म्हणून त्याच दिवशी, गाळून, ढवळत ढवळत फवारायचं. आधी घासलेला विळा बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर आला, तर विरघळलेलं तांबं अजून शिल्लक आहे, पानं करपतील. चुन्याची निवळी आणखी घाला.

शंभर लिटरला एक किलो मोरचूद, हे झालं एक टक्का. डिंक्यासाठी, म्हणजे झाडातून डिंक गळण्याच्या रोगासाठी, खोडाला लावायची पेस्ट दहा लिटरातच करतात, म्हणजे दहापट तीव्र.

आणि कपाशीवरचं ईसी, म्हणजे पाण्यात मिसळायचं तेलकट, औषध पाण्यात पडताच दुधाळ होतं ना? तेही द्रावण नव्हे. तेलकट थेंब पाण्यात पसरलेले असतात, त्याला पायस म्हणतात. जेवायला बसताना पंप भरून ठेवला असेल, तर उठल्यावर आधी नीट हलवून घ्या.