राजा-गुलाम आणि बसायची जागा

मघाशी ओळख करून देताना सांगितलं गेलं की मी पोकर शिकवतो. नाही हो. शिकवतो ते संख्याशास्त्र. पोकर रविवारी रात्री आठ-नऊ मित्र जमले की खेळतो, तेही चिंचोक्यांवर. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली, तेव्हापासून आमच्या चिंचोक्यांकडे लोक जरा आदराने बघतात.

तुमच्यापैकी बहुतेकांनी मे महिन्याच्या सुट्टीत जजमेंट खेळलेलं असणार. त्यात शेवटी बोलणाऱ्याला इतरांनी किती हात बोललेत ते कळलेलं असतं. पहिला बिचारा अंदाजाने बोलतो. पोकरमध्ये ज्याला पोझिशन म्हणतात, ती हीच गोष्ट. फक्त इथे ती डावातून चार वेळा छळते.

पोकरच्या टेक्सस होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पानं मिळतात, आणि त्यावर पहिली बोली होते: लावायचं, बरोबरी करायची की पानं टाकायची. मग मध्ये आधी तीन, नंतर एक, नंतर आणखी एक पान उघडतं, आणि दर टप्प्याला बोली होते. वाटणाऱ्याच्या जागेची खूण म्हणजे बटण. त्याच्या डावीकडचे दोघे, स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड, पानं बघायच्या आधीच ठरलेली रक्कम टाकतात. पहिल्या बोलीत त्यांच्या पुढचा माणूस सगळ्यांत आधी बोलतो. त्या जागेला इंग्रजीत ‘अंडर द गन’ म्हणतात, बंदुकीच्या नळीखाली. नाव अगदी बरोबर आहे.

५२ पानांतून दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात. एक्क्यांची जोडी आली तर कुठेही बसून खेळा, सत्ती-दुर्री आली तर कुठेही बसून टाका. त्यात डोकं चालवायला काही नाही. घोळ मधल्या ताकदीच्या पानांचा. माझं आवडतं उदाहरण म्हणजे वेगवेगळ्या रंगांचे राजा-गुलाम. दोन चित्रं, दिसायला देखणी.

आता मोजूया. राजा-गुलाम तुमच्या हातात, बाहेर ५० पानं, म्हणजे १,२२५ जोड्या. त्यांतल्या तुमच्यावर स्वार होणाऱ्या, म्हणजे तुमच्याशी एक पान सामाईक ठेवून वरचढ ठरणाऱ्या, शिवाय एक्क्यांच्या जोड्या, किती? एक्का-राजा १२, एक्का-गुलाम १२, राजा-राणी १२, एक्क्यांच्या जोड्या ६, राजांच्या ३, गुलामांच्या ३. एकूण ४८. म्हणजे समोर एकच माणूस असेल तर ४ टक्क्यांहूनही कमी भीती. पण नऊजणांत पहिल्यांदा बोलायचं असेल, तर मागे आठजण आहेत. त्यांतल्या एकाकडे तरी असं काही असण्याची शक्यता साधारण २७ टक्क्यांवर जाते. तीच पानं बटणावर बसून धरा, आधीच्या सगळ्यांनी पानं टाकलेली असू द्या, मागे उरले दोघे: ८ टक्क्यांच्या आत. पानं तीच, खुर्ची बदलली.

आणि ही २७ टक्क्यांची मार साधी नसते. एक्का-राजासमोर राजा-गुलाम चारांत एखाद्या वेळी जिंकतो. त्यातही गंमत अशी की मध्ये काहीच जुळलं नाही तर आपण थोडक्यात सुटतो. राजा आला की मरतो. गेल्या महिन्यात माझ्याच टेबलावर राजा, नव्वी, चौकी उघडली. मी पहिल्या जागेवर. लावले. समोरच्याने शांतपणे तेवढेच टाकून बरोबरी केली. परत लावले, परत बरोबरी. त्याची शांतता मला तिसऱ्या खेपेला ऐकू आली, तोवर वाटी निम्मी रिकामी.

स्मॉल ब्लाइंडची जागा माझ्या मते याहून फसवी, कारण तिथे ‘निम्मे तर आधीच पडलेत’ हा मोह असतो. समजा ब्लाइंड ५० आणि १००, आणि बटणावरच्याने २५० केले. तुम्ही आणखी २०० घातले की पॉट, म्हणजे मध्ये जमलेली रक्कम, ६०० चा. तिनांत एकदा जिंकलात तर ना नफा ना तोटा. बटणावरचा माणूस हलक्या पानांवरही वाढवतो, त्यामुळे कागदावर राजा-गुलामात तेवढा दम असतोच. पण बिग ब्लाइंड अजून बोलायचा आहे, आणि पुढच्या तिन्ही टप्प्यांत आंधळ्यासारखं तुम्हीच आधी बोलणार. कागदावरचा वाटा पदरात पडत नाही. म्हणून तिथे मी एक तर उलट वाढवतो, नाही तर टाकतो. नुसती बरोबरी क्वचितच. पडलेले ५० तुमचे राहिलेले नाहीत.

एवढं सांगितलं की कुणीतरी अमेरिकेतल्या नामवंत पोकरपटू डॉयल ब्रन्सन यांचं नाव काढतोच. १९७६ आणि १९७७, लागोपाठ दोन वर्षं लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या स्पर्धेचा शेवटचा डाव त्यांनी दश्शी-दुर्रीवर जिंकला. खरं आहे. पण तेव्हा टेबलावर समोर एकच माणूस उरला होता, मागे आठजण नव्हते.

मग पहिल्या जागेवरून मी काय खेळतो? मोठ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, एका रंगाचे राजा-राणी. पंज्यांची जोडी बहुधा टाकतो. तिसरी पंजी पहिल्या तीन पानांत साधारण साडेआठ वेळांत एकदा येते. आणि वेगवेगळ्या रंगांचे राजा-गुलाम? टाकायचे, हे मला पाठ आहे. तरी महिन्यातून एखाद्या रविवारी टाकवत नाहीत.