स्वरयंत्र काढल्यावरचं बोलणं

श्रोतेहो, नमस्कार. कॅन्सरमुळे स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार, असं डॉक्टरांनी सांगितलं की घरच्यांचा पहिला प्रश्न येतो, ‘मग हे बोलणार कसे?’ बोलता येतं. स्वरयंत्र नुसता ध्वनी पुरवतं. त्याचे शब्द घडवतात जीभ, ओठ आणि टाळू. म्हणजे ध्वनीची दुसरी सोय केली की झालं.

ही धडपड जुनी आहे. १८७३ साली व्हिएन्नात बिलरोथ यांनी कॅन्सरच्या रुग्णाचं अख्खं स्वरयंत्र काढलं, तेव्हा त्याच रुग्णासाठी त्यांचे सहकारी गुसेनबाउअर यांनी कृत्रिम स्वरयंत्र बनवलं होतं.

आज बहुतेकांच्या हाती आधी येतं ते बॅटरीवरचं यंत्र, इलेक्ट्रोलॅरिंक्स. ते गळ्याला लावायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे. ऐकायला सोपं, पण गळ्यावरची नेमकी जागा सापडेपर्यंत नुसती घरघरच ऐकू येते. शिवाय यंत्राचा ध्वनी अखंड चालू असल्याने ‘पाणी’ म्हटलं तरी ‘बाणी’ ऐकू येतं. म्हणून प, त, क जोर देऊन उच्चारायचे आणि वाक्य संपताच बटण सोडायचं. आवाज यंत्रमानवासारखा येतो, हे खरं. पण पहिल्याच आठवड्यात चहा मागता आला, तर त्याला नावं कशाला ठेवायची?

अन्ननलिकेत हवा घेऊन ती ढेकरेसारखी बाहेर सोडत बोलण्याची रीत अवघड. तिला महिनोन्‌महिने सराव लागतो आणि सगळ्यांना ती साधत नाही. श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मध्ये बसवलेल्या छोट्या व्हॉल्व्हचा आवाज मात्र बराच नैसर्गिक वाटतो. श्वासासाठी मानेवर केलेलं छिद्र बोटाने झाकून श्वास सोडला की हवा अन्ननलिकेत जाते आणि तिथल्या भिंती थरथरतात. व्हॉल्व्ह रोज ब्रशने साफ करावा लागतो, काही महिन्यांनी बदलावाही लागतो. पाणी पिताना ठसका लागला, तर व्हॉल्व्ह गळत असेल असं समजून डॉक्टरांना दाखवा.

घरच्यांना एक विनंती. रुग्णाचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. टीव्ही बंद करा, समोर बसा, ओठांकडे बघा.

आणि हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही सांगून ठेवा: या माणसाचा श्वास नाकातोंडातून चालत नाही, तो मानेवरच्या छिद्रातून चालतो. कृत्रिम श्वास किंवा ऑक्सिजन द्यायची वेळ आली, तर तोही तिथूनच द्यायचा.