मूल्ये आणि त्यांना घातलेल्या अटी

(वडोदरा येथील मंडळाच्या मेळाव्यात केलेले भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

अध्यक्ष महोदय, मंडळाचे पदाधिकारी आणि बंधुभगिनींनो,

भारतीय तत्त्वचिंतनातील मानवी मूल्ये असा विषय मिळाला की सत्य, अहिंसा, दया, क्षमा ही नामावळी वाचून खाली बसणे सोपे असते. ती आपल्याला शाळेपासून पाठ आहे आणि तिच्याविषयी कोणाचे दुमतही नाही. मतभेद सुरू होतात ते पुढच्या पायरीवर. ही मूल्ये कोणाशी वागताना पाळायची, कुठे पाळायची आणि कुठवर? आज मी तेवढ्यापुरतेच बोलणार आहे.

पतंजलींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात अहिंसा, सत्य, अस्तेय म्हणजे चोरी न करणे, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह म्हणजे साठा न करणे, हे पाच यम, म्हणजे संयमाचे नियम, सांगितले आहेत. लगेच पुढच्या, म्हणजे 31व्या सूत्रात ते म्हणतात की जाती, देश, काल आणि समय यांची मर्यादा ज्यांना पडत नाही, असेच यम सार्वभौम महाव्रत ठरतात. समय म्हणजे येथे प्रसंगाची किंवा ठरलेल्या रीतीची अट. योगसूत्रांवरील प्राचीन टीका असलेल्या व्यासभाष्याने या चारही मर्यादांची उदाहरणे दिली आहेत. मासेमार म्हणतो, मी मासे तेवढे मारीन, इतर कोणाला इजा करणार नाही. दुसरा म्हणतो, तीर्थक्षेत्री मारणार नाही. तिसरा चतुर्दशी आणि पुण्यदिवस टाळतो, तर चौथा देवाब्राह्मणांसाठीच हिंसा करीन, एरवी नाही, असे ठरवतो. श्रावणभर सामिष वर्ज्य करून पुढे त्याची कसर भरून काढणाऱ्या आपल्यासारख्यांना ही मंडळी अनोळखी वाटू नयेत. भाष्यकाराने त्यांना दुष्ट म्हटलेले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. त्यांचे व्रत खरेच आहे, फक्त ते सोयीच्या कुंपणापाशी थांबते.

मग कोणत्याही मूल्याला कधीच अपवाद नसावा काय? महाभारताने या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ दिलेले नाही. कर्णपर्वात, गांडीव दुसऱ्याला देऊन टाक असे म्हणणाऱ्याचा वध करण्याच्या प्रतिज्ञेपोटी अर्जुन थेट धर्मराजावर खड्ग उपसतो, तेव्हा श्रीकृष्ण त्याला कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगतात. या कौशिकाचे सत्यभाषणाचे व्रत होते. जीव वाचवण्यासाठी काही माणसे रानात लपली आणि पाठलाग करणाऱ्या दरोडेखोरांनी त्याला विचारले, तेव्हा त्याने खरे ते सांगून टाकले. ती माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. पतंजली अट काढायला सांगतात आणि श्रीकृष्ण अपवाद करायला सांगतात, असा विरोध येथे वरवर दिसतो. मला मात्र दोघांचे बोट एकाच ठिकाणी ठेवलेले दिसते. अपवादाचा लाभ कोणाला होतो, हे पाहायचे. कौशिकाने व्रत मोडले असते तर परक्यांचे प्राण वाचले असते. मासेमाराची सवलत स्वतःच्या पदरात पडणारी आहे.

ही कसोटी आपल्या धर्मशास्त्राला लावली तर निकाल सुखावह नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात अहिंसा, सत्य, अस्तेय, शौच म्हणजे शुचिता आणि इंद्रियनिग्रह हा चारही वर्णांचा समान धर्म म्हणून सांगितला आहे. त्याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायात, ब्राह्मणाला अपशब्द बोलणाऱ्या क्षत्रियाला शंभर ‘पण’ (त्या काळचे नाणे) दंड आहे, शूद्राला शारीरिक शिक्षा आहे, आणि ब्राह्मणाने शूद्राला अपशब्द बोलल्यास दंड बारा ‘पण’. सामान्य धर्म श्लोकात राहिला आणि व्यवहार विशेष धर्माने चालला.

तो कसा चालला, हे पाहायला आपल्याला शहराबाहेर जाण्याची गरज नाही. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले आणि 1917 मध्ये येथे नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना, म्हणून ते नाव बदलून एका पारशी विश्रामगृहात राहिले. तेथून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. त्यानंतर ते दोन मित्रांकडे गेले. त्यांतला हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती होता. त्याला पत्नीला विचारायचे होते. मुंबईची गाडी रात्री होती, तोवरचे काही तास बाबासाहेबांनी कमाटी बागेत काढले. लाठ्यांपेक्षा मला नोकरांविषयीचे ते वाक्य अधिक बोचते. मैत्री खोटी नव्हती, पण तिला अट होती, आणि ती व्यासभाष्यातल्या यादीत सहज बसली असती.

याच संस्थानात सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि 1906 मध्ये तो सर्व संस्थानाला लागू केला. पूर्वजांचा वारसा सांगताना आपण या तारखा सांगतो आणि त्या बागेविषयी आवाज खाली आणतो. तैत्तिरीय उपनिषदातील आचार्य याहून मोकळे होते. शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला ते सांगतात, ‘यान्यस्माकं सुचरितानि तानि त्वयोपास्यानि, नो इतराणि’, आमची जी चांगली आचरणे असतील तेवढीच तू घे, बाकीची नकोत. गुरूनेच शिष्याला स्वतःची निवड करायला परवानगी द्यावी, हे धैर्य आज घराघरांतल्या वडीलधाऱ्यांकडेही विरळा. आचरणाविषयी शंका आली तर विचारी, धर्मनिष्ठ आणि स्वभावाने रूक्ष नसलेल्या जाणत्यांकडे पाहावे, असेही तेथे म्हटले आहे. नुसती विद्वत्ता त्यांना पुरेशी वाटली नव्हती.

आता मंडळापुरते एक. मासे-मटण खाणारे म्हणून मराठी कुटुंबाला घर नाकारले, अशी तक्रार आपण करतो आणि ती रास्त आहे. मात्र आपल्या स्वतःच्या खोलीसाठी कोणी विचारले की आपणही आधी आडनाव विचारतो. शिकायला किंवा नोकरीला येणाऱ्या मुलामुलींची जागेसाठी विचारणा मंडळाकडे होत असते. तिच्यासाठी एक यादी करावी आणि जे घरमालक जात, धर्म किंवा ताटातला पदार्थ विचारणार नाहीत, त्यांचीच नावे तीत घ्यावीत, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. सुरुवातीला दोन-तीनच नावे येतील. त्यांत माझे घर धरावे.