धूर कुठून जातो?

(इंदूरच्या एका व्याख्यानमालेतलं भाषण, थोडी काटछाट करून)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘मोहेंजोदडो ते मल्टी : घरांच्या शैलींचा प्रवास’. पुण्याचे पाहुणे ‘मल्टी’वर अडखळले असतील. इंदुरात माणूस फ्लॅट घेत नाही हो, तो ‘मल्टीत राहायला जातो’.

शैली म्हटलं की लोक घराचं तोंड बघतात. कमान कसली, खांब कसला, सज्जा कुणाकडून उचलला. आपल्या राजवाड्यासमोर रोज हेच चालतं. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, हे मराठा, ते मोगल. माना वर, फोटो, संपलं. मला मात्र विचारावंसं वाटतं, की बाबांनो, यांच्या मुदपाकखान्याचा धूर कुठून जायचा? हसा, हसा. उभा जन्म नकाशे काढण्यात गेल्यावर माणसाला असलेच प्रश्न पडतात. माझा हट्ट एवढाच आहे, की घराची ठेवण हौसेनं कमी आणि धुरानं जास्त ठरते.

वाडा आठवा. दिंडी दरवाजा, ओसरी, चौक, माजघर, आणि चूल पार मागच्या बाजूला, विहीर हाताशी. सोवळं होतंच, पण सोवळ्याच्या आधी धूर होता. तो कौलांच्या फटींतून, गवाक्षातून निघेल तेवढा निघायचा, उरलेला आजीच्या डोळ्यांत. तुळया काळ्या कुळकुळीत व्हायच्या. वाळवी लागत नाही म्हणून सुतार खूश. आजीला कुणी विचारलं नव्हतं. चुलीवर भात, वैलावर आमटी, हातात फुंकणी, आणि पुढच्या ओसरीवर आजोबा पाहुण्यांना सांगतायत, ‘आमचा वाडा किती हवेशीर!’

मग गॅस आला. काजळी गेली, बसून रांधणारी बाई ओट्यापाशी उभी राहिली, आणि मागचं स्वयंपाकघर हळूहळू पुढे सरकायला लागलं. इथवर सगळं उत्तम. पण पुढे काय झालं ते माझ्या घरात येऊन बघा. आमचं जुनं घर पाडून मल्टी उभी राहिली. बिल्डर म्हणाला, ‘अंकलजी, ओपन किचन दे रहा हूँ, एकदम मॉडर्न.’ मी म्हटलं, भाऊ, आमच्याकडे हिंगाची फोडणी असते. म्हणाला, ‘चिमनी है ना!’ चिमणी आहे, फार देखणी आहे, काचेची आहे. तिची नळी डक्टमध्ये, म्हणजे न्हाणीघरांमागच्या उभ्या पोकळीत सोडलीय, आणि त्याच डक्टमध्ये आमच्या रांगेतल्या सगळ्या मजल्यांच्या नळ्या. डक्टला वर पावसाचं पाणी नको म्हणून कुणीतरी पत्रा ठोकलाय. त्यामुळे आमच्या न्हाणीघरात उभं राहिलं की खालच्यांकडे आज लसूण आहे की कांदा, हे कळतं. चतुर्थीच्या दिवशी हे कळणं म्हणजे उपवासाची कसोटीच. शिवाय पाहुणा सोफ्यावर बसून थेट कढईत बघतो. पूर्वी दोनच भजी उरली असली तरी आतून ‘घ्या ना, खूप आहेत’ म्हणता यायचं. आता तो मोजतो! सौ. म्हणाली, पडदा लावू या. लावला. त्याला आता दर आठवड्याला फोडणीचा वास धुवावा लागतो. तक्रार केली तर सोसायटी म्हणते बिल्डरला सांगा, बिल्डर म्हणतो सोसायटीला सांगा.

चिठ्ठी आली वाटतं. दहा मिनिटं? पाच! बरं, आता पळत जाऊ.

मोहेंजोदडोत रस्त्याकडे बहुतेक कोरी भिंत, दार गल्लीत, आत चौक आणि भोवती खोल्या. आपला वाडा त्याच कुळातला. पुण्याजवळच्या इनामगावात उलटा प्रवास दिसतो. इसवी सनापूर्वी 1000 च्या आधी तिथं मोठी चौकोनी घरं होती, नंतर लोक गोल झोपड्यांत आले. पाऊसमान घटलं असावं, असं उत्खनन करणाऱ्यांचं मत. तेव्हा शैली पुढेच जाते, हे डोक्यातून काढा.

इंग्लंडात मध्ययुगात दालनाच्या मधोमध आगटी, धूर छपरातून. मग त्यावर माडी बांधणार कशी? सोळाव्या शतकात विटांची धुराडी साध्या घरांतही पसरली, तेव्हा वर मजला चढला, वेगळ्या खोल्या आल्या. नवराबायकोची खोली ही धुराड्याची कृपा!

1926 साली फ्रँकफर्टच्या वसाहतींसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या बाईंनी जेमतेम 1.9 बाय 3.4 मीटरचं स्वयंपाकघर आखलं. सगळं हाताशी, पण दार लावून बंद करता येणारं. आजचे मॉड्युलर किचन त्याचंच नातवंड. 1937 च्या सुमारास फ्रँक लॉइड राइटनं अमेरिकेत छोट्या घरांचं स्वयंपाकघर जेवायच्या जागेकडे उघडलं. तिथं मोहरी तडतडत नाही, चाललं. आपण ते नकाशासकट उचललं, कढई आपली ठेवली.

आपला माणिकबाग राजवाडा राहिलाच! इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला करवून घेतलेला. चौक नाही, नक्षी नाही, चक्क वातानुकूलन. त्याचं स्वयंपाकघर बघायची माझी फार इच्छा आहे. पण तिथं सरकारचं कर खातं बसलं, आणि त्यांच्याकडे आपण होऊन जाणारा माणूस मला अजून भेटायचाय.