‘कोना घरना?’ न विचारता मिळणारी खोली

नमस्कार मंडळी.

मला दिलेला विषय आहे आंतरराष्ट्रीय हॉटेल साखळीची वाढ. अशा साखळ्या बऱ्याच आहेत. मी एकच घेतो, हॉलिडे इन. ती रस्त्याच्या कडेला जन्मली आणि आपलं धुळंही रस्त्यांवर जगणारं गाव आहे. मुंबई-आग्रा रस्ता नि सुरत-नागपूर रस्ता इथे एकमेकांना छेदतात. लळिंगचा घाट उतरून आलेला, नाहीतर साक्रीकडून आलेला माणूस रात्री थकलेला असतो. पारोळा चौफुलीच्या आसपास तो गाडी हळू करतो आणि लॉजची पाटी शोधायला लागतो. मागच्या सीटवर पोरं पेंगलेली असतात. खोली मिळेल का, चादर धुतलेली असेल का, आपल्याला परका बघून भाव वाढवतील का, हे सगळं त्याच्या डोक्यात एकदमच चालू असतं. ही धाकधूक ज्याने ओळखली, त्याची हॉटेलं पुढे जगभर गेली.

मी बोलतोय ते पुस्तकी अधिकाराने नाही. बसस्टँडजवळ माझ्या वडिलांचं ११ खोल्यांचं लॉज होतं, ते आता मी चालवतो. लहानपणापासून काउंटरमागे बसलोय. आमच्याकडे दारात पाहुणा आला की अहिराणीत पहिला प्रश्न असायचा, “कथाईन उनात?” म्हणजे कुठून आलात. त्यात माया आहे, दमून आलेल्याची विचारपूस आहे. दुसरा प्रश्न यायचा, “कोना घरना?” म्हणजे कोणाच्या घरचे. या दुसऱ्या प्रश्नाबद्दल मला आज बोलायचं आहे. पण आधी अमेरिकेत जाऊन येऊ.

१९५१चा उन्हाळा. मेम्फिस शहरातले केमन्स विल्सन हे घरं बांधून विकणारे बिल्डर. तान्हे असतानाच वडील गेलेले, आईने एकटीने वाढवलेलं. कोवळ्या वयात सिनेमाच्या थेटराबाहेर पॉपकॉर्न विकून घराला हातभार लावलेला माणूस. ते बायको आणि ५ मुलांना गाडीत घालून वॉशिंग्टनला निघाले. वाटेतल्या मोटेलांत, म्हणजे गाडीवाल्यांसाठीच्या रस्त्याकडेच्या हॉटेलांत, खोलीचं भाडं ठरलं की वर प्रत्येक मुलामागे २ डॉलर वेगळे. मुलं आईबापाच्याच खोलीत झोपणार, तरी १० डॉलर जास्तीचे! शिवाय खोली कशी निघेल याचा नेम नाही. विल्सन चिडले, पण चिडून गप्प बसले नाहीत. जिथे मुक्काम पडेल तिथे टेप काढून खोल्या मोजायला लागले. बायकोला म्हणाले, मी अशी ४०० मोटेलं बांधीन आणि मुलांचे पैसे कधी घेणार नाही. बायको हसली.

१ ऑगस्ट १९५२ला मेम्फिसच्या समर अव्हेन्यूवर पहिलं हॉलिडे इन उघडलं. नावाची गोष्ट छोटीच आहे. नकाशा काढणाऱ्याने एका सिनेमाचं नाव गमतीने कागदाच्या खाली लिहून ठेवलं, ते विल्सनना आवडलं. १२० खोल्या, प्रत्येकीत एसी, फोन आणि टीव्ही. आवारात पोहण्याचा तलाव, पार्किंग फुकट, बर्फ फुकट, आणि १२ वर्षांखालच्या मुलांना आईवडिलांच्या खोलीत एक पैसा नाही. त्यानंतर मेम्फिसला येणाऱ्या बाकीच्या मोठ्या रस्त्यांवर त्यांनी आणखी तीन बांधली. आपल्याकडे बघायचं तर लळिंगच्या अंगाला एक, सोनगीरच्या अंगाला एक, पारोळ्याच्या रस्त्याला एक, साक्रीच्या रस्त्याला एक. माणूस कुठल्याही दिशेने गावात शिरो, तीच पाटी दिसणार. पाटी ५० फूट उंच, हिरवी-पिवळी, वर लखलखणारा तारा. दोन मैलांवरून पोरं ओरडणार, बाबा, ते बघा! गाडी कुठे थांबायची हे पुष्कळदा मागच्या सीटवरून ठरतं. आपल्या ढाबेवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे.

आता विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावं अशी जागा आली. ४ मोटेलांची ४०० होतात कशी? स्वतःच्या पैशाने होत नाहीत. विल्सननी वॉलेस जॉन्सन नावाचा दुसरा बिल्डर जोडीला घेतला. देशभरच्या घरं बांधणाऱ्यांना बोलावून त्यांनी सांगितलं, ५०० डॉलर द्या आणि आपल्या गावात हॉलिडे इनचं नाव लावा. बिल्डरांनी फारशी दाद दिली नाही. मग गावोगावचे डॉक्टर, वकील, चार पैसे गाठीला असलेले लोक पुढे आले. जमीन त्यांची, कर्ज त्यांचं, नोकरचाकर त्यांचे. साखळीचं फक्त नाव, आराखडा आणि नियम. आपण याला फ्रँचायझी म्हणतो. १९५६मध्ये अमेरिकन सरकारने ४१,००० मैलांच्या महामार्गांचा कायदा केला आणि हॉलिडे इनचं नशीबच उघडलं. १९५९मध्ये १००वं मोटेल झालं, १९६४मध्ये ५००वं. १९६८मध्ये टेक्सासातल्या सॅन अँटोनिओ शहरात १०००वं उभं राहिलं.

नाव विकणं सोपं असतं, ते राखणं अवघड असतं. तपासनीस न सांगता यायचे. गादी, नळ, टॉवेल, तलावाचं पाणी, सगळं बघायचे. नियम पाळले नाहीत तर पाटी काढून नेली जायची. ५० फुटी पाटी उतरवून नेताना अख्खं गाव बघतं. त्या भीतीने कितीतरी बाथरूम स्वच्छ राहिले असतील. आपल्याकडे मालक काउंटरवर असला की फरशी पुसली जाते आणि मालक लग्नाला गेला की आठवडाभर झाडू लागत नाही. तिथे मालक काउंटरवर असो वा नसो, खोली तीच. १९७५च्या सुमारास त्यांच्या जाहिरातीचा सूरच असा होता, की अनपेक्षित असं काही घडणार नाही हेच आमच्याकडचं सुख. तरुणांना हे रटाळ वाटेल. पण तान्हं मूल घेऊन रात्री ११ वाजता परक्या गावात उतरलेल्या आईला विचारा, ती हेच मागेल.

१९६५मध्ये त्यांनी हॉलिडेक्स नावाची कॉम्प्युटरवरची आरक्षण यंत्रणा आणली. आज मोबाईलवर खोली बुक करणाऱ्याला त्याचं काही वाटणार नाही. तेव्हा मात्र एका गावाच्या काउंटरवरून दुसऱ्या गावातली उद्याची खोली पक्की होणं हा चमत्कार होता. आजची रात्र जाता जाता उद्याचं गिऱ्हाईक बांधून ठेवायची. मोटेलवाले एकमेकांना गिऱ्हाईक पुढे देऊ लागले. आमच्या बसस्टँडवर दोन शेजारी लॉजवाले एकमेकांचं गिऱ्हाईक ओढतात, हे मी डोळ्यांनी बघत आलोय. म्हणून ही गोष्ट मला त्या ताऱ्याच्या पाटीपेक्षाही मोठी वाटते.

पुढचं भराभर सांगतो. १९६०मध्ये कॅनडातलं मॉन्ट्रिऑल, १९६८मध्ये नेदरलँड्स, असं करत नाव देशाबाहेर गेलं. मग कंपनीने बस कंपनी घेतली, जहाजांची कंपनी घेतली, नको तिथे हात घातले. १९७३च्या तेलटंचाईने रस्तेच ओस पडले. १९७९मध्ये विल्सन निवृत्त झाले. ती मोठी पाटी १९८२पासून उतरायला लागली, कारण सांभाळायला फार महाग पडत होती. १९८८ ते १९९० या काळात बास या इंग्लंडातल्या बिअर कंपनीने साखळी विकत घेतली. त्याच बासने १९९८मध्ये इंटरकॉन्टिनेन्टल ही दुसरी साखळी घेतली, जी १९४६मध्ये पॅन अ‍ॅम या विमान कंपनीने सुरू केली होती. पुढे बासने बिअरचा धंदाच विकून टाकला. २००३पासून ही सगळी हॉटेलं इंटरकॉन्टिनेन्टल हॉटेल्स ग्रुप या नावाखाली आहेत. आज या कंपनीच्या नावांखाली जगभरात ६,०००हून जास्त हॉटेलं आहेत आणि त्यातली तिच्या स्वतःच्या मालकीची अगदी मोजकी. खोल्यांच्या उत्पन्नातून ठरलेला वाटा कंपनीला जातो. छप्पर गळलं तर खर्च मालकाचा. लॉजवाल्या बंधूंनी फ्रँचायझीचा कागद हातात आला की आधी हे वाचावं.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

विल्सननी कुटुंबांसाठी मोटेल बांधलं, पण कुणाच्या कुटुंबांसाठी? १९५२मध्ये अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या माणसाने गाडी काढली तर बहुतेक ठिकाणी त्याला खोली मिळत नसे. कुठे उतरता येईल हे सांगणारी ग्रीन बुक नावाची पुस्तिका १९३६पासून निघत होती आणि ती गाडीत ठेवावी लागायची. १९६४मध्ये कायदा झाला, की मोटेलात वर्णावरून कुणाला नाकारता येणार नाही. अटलांटातला एक मोटेलमालक त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हरला. मेम्फिसमध्येच लोरेन नावाचं मोटेल होतं, काळ्या मालकाचं, काळ्या प्रवाशांना हक्काने उतरता येईल असं. १९६८च्या एप्रिलमध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग यांना तिथल्याच गॅलरीत गोळी लागली. म्हणजे हॉलिडे इन हजारावर पोचलं त्याच वर्षी, ज्या गावात त्याचा जन्म झाला त्याच गावात.

हे ऐकून आपण तिकडच्या लोकांना नावं ठेवू नयेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून १९१७मध्ये बडोद्याला नोकरीवर गेले. त्यांना राहायला कुणी जागा देईना. पारशी उतारूगृहात पारशी म्हणून राहावं लागलं, आणि कळल्यावर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथूनही काढलं. आणि १९२९मध्ये तर आपल्या खान्देशात, चाळीसगावला! ते धुळ्याहून परतत होते, सरकारी समितीचं काम होतं. स्टेशनवरचे टांगेवाले त्यांना न्यायला तयार होईनात. अखेर टांगा मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. वस्तीतल्याच एकाने, सवय नसताना, तो हाकला. पुलावर टांगा आदळला, बाबासाहेब खाली फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. धुळे-चाळीसगाव गाडीने मी शेकडो वेळा गेलोय. चाळीसगावला उतरताना दर वेळी मला हे आठवतं.

आणि एक घरचं. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. पावसाळ्याच्या दिवसांत रात्री साडेदहाला एक जोडपं आलं, बरोबर दोन लहान मुली. वडिलांनी विचारलं, “कोना घरना?” त्या माणसाने आडनाव सांगितलं. वडील म्हणाले, खोल्या भरल्यात. माझ्या डोक्यामागे किल्ल्यांचा बोर्ड होता आणि त्यावर ४ किल्ल्या लटकत होत्या. त्या माणसाला त्या दिसत होत्या. तो काही बोलला नाही. धाकट्या मुलीला कडेवर घेतलं आणि ते चौघं परत पावसात गेले. माझे वडील वाईट माणूस नव्हते. उपाशी गिऱ्हाइकाला रात्री घरून भाकर आणून द्यायचे. पण त्या रात्री त्यांनी जे केलं ते चूक होतं, आणि हे मी त्यांच्या हयातीत त्यांना बोललो नाही याचा सल माझ्या मनात आहे.

म्हणून साखळी हॉटेलांकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतो. आपले धंदेवाले म्हणतात, तिथे आपुलकी नसते, शेवभाजी नसते, कळणाची भाकर नसते. खरं आहे. आपल्याकडे मात्र आपुलकी ओळखीवर मिळते आणि ओळख आडनावावर ठरते. साखळीत काउंटरवरच्या मुलाला तुमच्याशी घेणं नसतं. दर लिहिलेला असतो, खोली ठरलेली असते, पैसे भरा, किल्ली घ्या. ज्याला आयुष्यभर ‘कोना घरना’ला उत्तर द्यावं लागलं, त्याला हे परकेपण किती मोकळं वाटत असेल! मला विचाराल तर या साखळ्यांनी विकलेली सगळ्यात मोलाची वस्तू हीच आहे. अर्थात अमेरिकेतही ती कायद्याने दरडावल्यावरच सगळ्यांना मिळाली.

नवापूर ओलांडलं की सोनगड, व्यारा आणि मग सुरत. त्या भागातले पटेल, भक्त आडनावाचे लोक अमेरिकेत गेले, पडकी मोटेलं घेतली, मागच्या खोलीत संसार मांडला. बायकापोरांनी चादरी धुतल्या, काउंटर सांभाळला. त्यांना बँका कर्ज देईनात, विमा कंपन्या विमा उतरवीनात, आणि शेजारचे गोरे मोटेलवाले ‘अमेरिकन मालकीचं’ अशा पाट्या लावायचे. तिथे ‘कोना घरना’ची कसोटी आपल्याच माणसांना लागली. १९८९मध्ये त्यांनी आपली संघटना बांधली. आज अमेरिकेतल्या मोटेलांपैकी जवळपास निम्मी भारतीय वंशाच्या मालकांकडे आहेत, आणि हॉलिडे इनच्या पाटीखालीही त्यांतले पुष्कळ आहेत. त्यांना पाटीचा उपयोग झाला तो असा, की गिऱ्हाईक नाव वाचून आत यायचं. मालकाचं आडनाव काय, हे बघायला कुणी थांबायचं नाही.

लॉजवाल्यांनी साखळीत जावं का, असं मला येताना दोघांनी विचारलं. ११ खोल्यांच्या लॉजला ते परवडणार नाही, हे मी आकडेमोड करून बघितलंय. पण तपासनीस स्वतःच व्हायला पैसे पडत नाहीत. मी महिन्यातून एकदा आमच्याच लॉजमध्ये एक रात्र झोपतो, दर वेळी वेगळ्या खोलीत. ७ नंबरच्या बाथरूमचा नळ रात्रभर ठिबकतो, हे मला तसंच कळलं. दर काउंटरमागे मोठ्या अक्षरात लिहिलाय आणि १२ वर्षांखालच्या मुलांचे पैसे घेत नाही. रजिस्टरमध्ये नाव, पत्ता, कुठून आलात, कुठे जाणार आणि ओळखपत्र एवढं घ्यावं लागतं, ते घेतो. ओळखपत्रावर आडनाव असतंच. ते लिहून घेतलं की काउंटरवरच्या पोराने मान वर करून किल्ली द्यायची, असं मी त्याला सांगून ठेवलंय. “कथाईन उनात?” मात्र आम्ही अजूनही विचारतो, आणि उत्तर ऐकताना चहा सांगतो.